डावा कान

मांस भाजायच्या बांबूच्या काडीचं टोक जळून काळं पडलं होतं, पण कोंबडीच्या काळजाचे चार तुकडे खाऊन झाल्यावरही बोटाला टोचावं इतकं शाबूत होतं, आणि शिओमी ते अंगठ्याने दाबत शेजारी बसलेल्या ओचिआईच्या मानेकडे बघत होता. कानाच्या पाळीखाली, जिथे दाढी करताना दोन पांढरे केस राहून गेले होते, तिथे ही काडी किती आत जाईल? अर्धी? मग हा हसायचा थांबेल, बिअर टेबलावर सांडेल, मालकीणबाई फडकं घेऊन धावत येईल... त्याने काडी बांबूच्या नळीत टाकली आणि लगेच दुसरी उचलली.

दुपारचे साडेचार. आमागासाकी स्टेशनामागच्या या इझाकायात, खाण्यापिण्याच्या या छोट्या गुत्त्यात, इतक्या लवकर फक्त निवृत्त माणसं येतात. हे दोघं तर शाळेपासूनचे – एकच ज्युदोचा क्लब, पुढे एकच नळ्यांचा कारखाना, आणि ओचिआई एक वर्षाने मोठा. ते एक वर्ष काही केल्या संपत नाही. पासष्टी आली तरी शिओमी त्याला ‘सेनपाई’, म्हणजे वरच्या वर्गातला, म्हणतो आणि तो शिओमीला ‘अरे’.

“तिकडे बर्फ उपसायला माणूस लागतो म्हणे,” ओचिआई म्हणाला. “तूच चल. तुझी पाठ धड आहे अजून.”

“मुलगी उपसेल की तुमची.”

“ती? ती बर्फाबरोबर मलाही उपसून रस्त्यावर टाकेल!”

तो खो खो हसला. सोमवारी तो मुलीकडे दूर उत्तरेला, होक्काइदोला जाणार होता, कायमचा. म्हणजे बोलायचं तर आज. आज नाही तर मग याच्या अंत्यविधीला उदबत्तीसमोर बसून बोलायचं, आणि तिथे तो ऐकणार थोडाच.

गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरणीने दिवा लावून आत बघितलं होतं. पडदा फार जुना फाटलेला आहे, आजोबा, कोणी मारलं होतं का? तो म्हणाला, पडलो होतो. अठ्ठेचाळीस वर्षांत इतकं तयार खोटं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि घरी येताना पुलावर थांबून त्याने कठड्यावर मूठ आपटली – एकदा, दोनदा, कातडी सोलेपर्यंत. पडलो होतो म्हणे! जानेवारीतली ती शाळेच्या क्लबातली लाकडी जमीन, सराव संपल्यावर वरच्या वर्गातल्यांना चहा द्यायचा, थंडीने बोटं बधिर, आणि दोन थेंब ओचिआईच्या बाहीवर... दोनच. मग त्याचा उघडा तळहात, पूर्ण ताकदीने, डाव्या कानावर. आवाज झालाच नाही. आवाज आतच फुटला आणि तिथेच राहिला, अजून आहे, रात्रंदिवस घोंघावतो. मी गुडघ्यांवर बसलो होतो, मानेवरून काहीतरी कोमट ओघळत होतं, आणि मी म्हणालो होतो – चुकलं माझं, सेनपाई.

आणि त्या दिवसापासून याचा ग्लास मी भरतोय.

मोठ्याचा ग्लास रिकामा दिसता कामा नये. बाटली दोन्ही हातांनी धरायची, लेबल वर, आणि त्याने मागायच्या आत ओतायचं. आपला आपण ओतून घेतो त्याला जगात कोणी नाही असं समजावं. कारखान्यात, लग्नात, ओचिआईची बायको गेली त्या दिवशीही शिओमीने हे चुकवलं नव्हतं. आज मात्र चुकवायचं त्याने ठरवलं होतं.

ग्लास रिकामा झाला. ओचिआईने तो खाली ठेवला, जरासा पुढे सरकवला. फेस काचेवर सुकत गेला. शिओमी कोबी चावत राहिला. एवढीशी गोष्ट, पण जणू त्याने कोणाच्या तरी गळ्यावर पाय दिला होता आणि तो आता काढायचा नव्हता.

“अगं बाई, ओचिआईसान, आज कोरडेच?” मालकीणबाई तळलेली कोंबडी ठेवता ठेवता म्हणाली. “काय शिओमीसान, भांडण का?”

हात आपोआप बाटलीकडे निघाला. शिओमीने तो मांडीखाली दाबून धरला – स्वतःचाच हात, चोर पकडावा तसा.

ती गेल्यावर ओचिआईने स्वतः बाटली उचलली आणि एका हाताने आपला ग्लास भरला. बिअर टेबलावर सांडली. कोणीच पुसली नाही.

“बोल,” तो म्हणाला.

“माझा कान तुम्ही फोडलात.”

झालं. निघालं तोंडातून. आता हा म्हणेल कधी, कुठे, छे रे, पोरवयातली मस्ती – आणि म्हणू देच, मग ही बाटली आहे, हिचा तळ जाड आहे, याचं कपाळ हातभर अंतरावर...

“हो,” ओचिआई म्हणाला. “जानेवारीत. चहावरून.”

शिओमीला बाटलीचं काय करावं कळेना.

“मी डाव्या अंगाला बसतो ते उगाच वाटलं तुला? तिकडून कोणी बोललं की तू नुसता हसतोस. लोक हसतात मग. तिथे दुसरं कोणी बसू नये म्हणून बसतो.” तो मान खाली घालून बोलत होता. “माफी मागायला हवी होती. जमलं नाही. आज मागतो. चुकलं माझं.”

आणि ते म्हातारं डोकं टेबलापर्यंत खरोखरच वाकलं. शिओमीला समाधान वाटायला हवं होतं. वाटला फक्त संताप, दुप्पट – इतकी वर्षं याला माहीत होतं, आणि हा शेजारी बसून खात होता!

ओचिआईने डोकं वर केलं. “तू मिनोबेला भेटलास का कधी नंतर?”

“कोण मिनोबे?”

ओचिआई त्याच्याकडे बघतच राहिला. हसू तर दूरच, त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“पुढच्या वर्षी क्लबात आलेला रे. तुझ्या हाताखालचा. बादली उशिरा आणली म्हणून... बांबूने. तू थांबेचनास. मी मागून तुझी कंबर धरून ओढलं तुला. दोन दात गेले त्याचे. शाळा सोडली त्याने.”

खोटं. साफ खोटं बोलतोय, स्वतःचं पाप माझ्या पदरात – असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मांडीखाली दाबलेला उजवा हात गरम झाला. हाताला आठवत होतं. बांबू किती हलका होता ते, दुसऱ्या फटक्यानंतर खांदा कसा मोकळा झाला ते, कमरेला मागून पडलेली मिठी आणि आपण तिला दिलेले हिसके. आणि बरं वाटलं होतं. किती बरं वाटलं होतं!

“खा, निवतंय,” ओचिआई म्हणाला. ते शिओमीला ऐकू आलं नाही.

तो मिनोबेचा चेहरा शोधत होता. डोळे, नाक, काहीतरी. चेहरा येईना. आठवलं ते एवढंच, की त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला कडकडून भूक लागली होती, आणि त्याने आईकडे दोनदा भात मागून घेतला होता.