डबीच्या नळीचा खालचा वॉशर

आमच्या घरी त्या गाडीला डबी म्हणत. कागदोपत्री तिचं भारदस्त नाव होतं, पण आत चार माणसं बसली की पाचव्याला श्वास बाहेर ठेवून यावं लागे. तिचं इंजिन मला अजून पाठ आहे. चार सिलिंडर, साडेनऊशे सीसीच्या आतलं, सदतीस अश्वशक्तीचं. त्यातले सात घोडे म्हातारे, असं बाबा म्हणत. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. प्लगची फट पंचवीस हजारांश इंच, पॉइंटची पंधरा, इंजिन गार असताना टॅपेटची बारा. हल्ली चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण हे आकडे जात नाहीत.

तिची दुखणीही पाठ आहेत. चढावर तापायची. तापल्यावर बंद केली की लवकर सुरू व्हायची नाही. हेडचं गॅस्केट उडायचं. आणि कार्बोरेटरची सुई अडकली की पेट्रोल वाहायचं. हे शेवटचं सगळ्यांत वाईट, कारण तिचा कार्बोरेटर थेट मॅनिफोल्डच्या, म्हणजे जळका धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळीच्या डोक्यावर बसवलेला होता. "पेटत्या शेगडीवर रॉकेलचा डबा ठेवलाय लेकाच्यांनी," बाबा म्हणत.

बाबांचं गॅरेज घराला लागूनच होतं. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि दिवसभर तिथेच असे. लोकांना वाटे, पोरगी हौशी आहे. खरं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं. बाबांना दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डॉक्टर म्हणत, अजून पिकायचाय, थांबा. तोवर पट्टीवरचे आकडे मी वाचायचे, बाबा हाताने काम करायचे. गिऱ्हाईक आलं की मी गप्प, बाबा मान वाकवून पाहिल्यासारखं करत. ताईलाही आम्ही सांगितलं नव्हतं. ताईला कळलं की भावोजींना कळणार, आणि भावोजींना कळलं की सगळ्या गावाला.

या लपवाछपवीत काही राहून जाऊ नये म्हणून आमचा एक नियम होता. जो उघडेल त्यानेच बंद करायचं. मी खोललेला नट मीच आवळायचा, बाबांनी खोललेला बाबांनी.

डबी भावोजींची. ताई बाळंतपणाला आली होती, बाळ अडीच महिन्यांचं झालं आणि ते दोघांना न्यायला आले. घर घाटापलीकडे. सकाळी डबी पेट्रोल गाळत होती, म्हणून मी कार्बोरेटरचं झाकण काढलं, सुई साफ केली. पेट्रोलची नळी एका पोकळ बोल्टने त्या झाकणाला जोडलेली असते. तिला दोन वॉशर लागतात, नळीच्या वर एक आणि खाली एक, बांगडीसारखे, लाल फायबरचे. नवे दोन मी ताटलीत काढून ठेवले आणि तेवढ्यात ताईने आतून हाक मारली. बाळाने सगळे कपडे भरवले होते.

भावोजी घड्याळ बघत होते. "काय हो सासरेबुवा, मिस्त्रीणबाई गेल्या म्हणून गाडी उद्या का आता?"

"उद्या कशाला?" बाबा म्हणाले. "ती जन्मायच्या आधीपासून करतोय मी हे."

मी बाळाला पुसून बाहेर आले तोवर बॉनेट मिटलेलं. इंजिन सुरू होतं, छान लयीत. एक थेंब गळत नव्हता. ताई मागे बसली, मांडीवर बाळ, शेजारी बोचकी. भावोजींनी सिगारेट शिलगावली, हात हलवला आणि डबी गेली.

अर्ध्या तासाने मी ताटली धुवायला घेतली. तळाला एक लाल वॉशर चिकटलेला होता.

तो जुना असेल म्हणून मी उजेडात धरला. जुना वॉशर तपकिरी होतो, चेपतो, त्यावर कडेचा वळ उठतो. हा कोरा होता.

"बाबा, वॉशर किती लावलेत?"

"दोन."

"मोजलेत?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली. "चिकटलेले होते. बोटाला जाड लागले... दोनच असणार."

मी वॉशर त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाचपला, आणि त्यांचा चेहरा गॅरेजच्या भिंतीसारखा झाला.

बोल्ट घट्ट असला की एका वॉशरवरही सपाटीला गळत नाही. चढाला लागल्यावर इंजिन थरथरतं, बोल्ट किंचित ढिला होतो, आणि मग खालून थेंब सुटतो. तो कुठे पडणार ते मला दिसत होतं. घाटाची सहा वळणं झाली की पाणी उकळायला येतं. सातव्या वळणावर पाण्याची टाकी आहे, तिथे प्रत्येक छोटी गाडी थांबतेच. भावोजी थांबणार. डबी पुन्हा सुरू होत नाही म्हणून इंजिन चालूच ठेवणार, बॉनेट उघडणार, आणि थांबले की ते काय करतात ते सगळ्या घराला ठाऊक होतं. खिशात हात घालतात.

समोरच्या बेकरीची व्हॅन पाव टाकून नुकतीच परतली होती. मी बेकरीवाल्याला काय सांगितलं ते आठवत नाही. तो ॲप्रनसकट बसला. मी शेजारी, आणि बाबा मागच्या रिकाम्या फळ्यांना धरून उभे.

"जोरात घ्या ना काका!"

"अगं बाई, पाव घेऊन वीस वर्षं हळू चालतेय ती, तिला जोरात माहीतच नाही," तो म्हणाला. पण पाय त्याने दाबला होता.

मागून बाबा एकसारखं विचारत होते, "कुठलं वळण?"

"दुसरं."

"वर धूर आहे का?"

"नाही."

"नीट बघ."

मी बघतच होते. डोळ्यांना पाणी आलं तरी पापणी मिटत नव्हते. चौथ्या वळणावरून वर पाहिलं तर कड्याआड पांढरा लोट उठत होता. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण बाबांनी माझा खांदा धरला. "काय? काय दिसलं? अगं, बोल की!" वळण घेतलं तर एक ट्रक रेडिएटर उकळून वाफ सोडत उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर सावलीत पेरू खात होता.

"ट्रक आहे," मी म्हणाले. बाबांची बोटं खांद्यात रुतली ती तशीच राहिली.

सातवं वळण आलं. डबी टाकीपाशी उभी होती. बॉनेट वर. भावोजी तिच्यावर वाकलेले, ओठांत सिगारेट. इंजिन चालू. मागच्या सीटवर कोणी नव्हतं.

व्हॅन थांबायच्या आत मी उडी मारली. खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि भावोजींना कॉलर धरून मागे ओढलं. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला मी तोवर कधी नजर वर करून उत्तरही दिलं नव्हतं. सिगारेट खाली पडली. ती पेटलेली नव्हती.

"वेड लागलंय का सगळ्या बहिणी-बहिणींना?" ते ओरडले. "ती तिकडे आगपेटी घेऊन बसलीय!"

रस्त्याने वर, पन्नास-साठ पावलांवर, ताई दगडी कठड्यावर बसली होती. बाळ छातीशी, पायात एकच चप्पल.

"वास येत होता," ती तिथूनच म्हणाली. "तिसऱ्या वळणापासून सांगतेय. हे म्हणतात, पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास येणार नाही तर काय गुलाबाचा? मी गॅरेजवाल्याची मुलगी आहे म्हटलं, थांबल्याबरोबर यांच्या खिशातली आगपेटी काढली आणि चालायला लागले."

मी बॉनेटखाली पाहिलं. नळीखालून थेंब येत होता, फुगत होता, सुटत होता. मॅनिफोल्डवर पडला की चर्र होऊन नाहीसा व्हायचा, आणि पुढचा फुगायला लागायचा. बंद इंजिन लगेच गार होत नाही. बेकरीवाल्याने सगळ्यांना मागे रेटलं. आम्ही ताईपाशी जाऊन उभे राहिलो. थेंब इतक्या लांबून दिसत नव्हता, तरी सगळे तिकडेच बघत होतो. बाबा तेवढे नव्हते. ते आमच्या श्वासांकडे कान देऊन होते.

पाऊण तासाने मी बिडाला हात लावून पाहिला, बोल्ट काढला, बरोबर आणलेला खालचा वॉशर घातला, आवळला.

मी घातलेला वॉशर पाहिला तेव्हा भावोजींना कळलं. "कोणी केलं हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी," मी म्हणाले. "माझ्याकडून राहिला."

"खोटं बोलतेय ती," बाबा म्हणाले. "मी बसवलं. मला दिसत नाही, जावईबापू. वर्ष झालं. माझ्यासमोर तुम्ही उभे आहात ते आवाजावरून सांगतोय."

ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला उत्तर द्यायला मला पुढे कित्येक वर्षं लागली. तेव्हा मात्र ती उठली, एका चपलेने चालत बाबांपर्यंत आली आणि बाळ पुढे केलं. "धरा याला. मी दुसरी चप्पल शोधते."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको. पेट्रोलचे आहेत."

ते टाकीच्या दिशेने चालू लागले, पाण्याच्या आवाजाच्या रोखाने. नळाखाली हात धरून ते चोळत राहिले, बोटं, नखं, मनगटं, पुन्हा बोटं. भावोजी बाळाला घेऊन शेजारी जाऊन उभे राहिले. "झाले स्वच्छ, बाबा," ते दोनदा म्हणाले. त्याआधी त्यांनी कधी त्यांना बाबा म्हटलं नव्हतं. बाबांनी हात नाकाशी नेऊन हुंगले आणि पुन्हा नळाखाली धरले.