कोरडे घरी येणारे जाळे

डोमाच्या घरी पहिली मुलगी झाली, त्याच वर्षी मीही झाले. ते दोन हजार एक साल होते. मुलीचे नाव रीता ठेवले. माझे नाव कोणी ठेवले नाही. मित्रांनो, जाळ्याला नाव नसते. ते ज्याच्या खांद्यावर असते त्याच्या नावाने ओळखले जाते. मी डोमाचे जाळे.

आमचे गाव आरमोरीजवळ. डोमा तलावावर मासे धरून पोट भरायचा. त्याने मला अंगणात बसून विणले. शेजारी पाळण्यात रीता असायची. ती रडली की विणणे थांबवून तो पाळण्याची दोरी ओढायचा. माझ्या कडेला त्याने शिशाचे मणी ओवले. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो मला फेकायचा, तेव्हा मी हवेतच गोल उघडत असे. काठावरून जाणारे लोक थांबून पाहत. मोठी मरळ लागली की रीताची आई चंदाबाई मला स्वतःच्या हाताने वाळत घाली. ते माझे चांगले दिवस होते.

मग डोमा बदलला. कधीपासून, ते मला नेमके सांगता येत नाही. घरात भांडण नव्हते, कोणी त्याला बोलले नव्हते. तो सकाळी तलावावर यायचा, मला मांडीवर घ्यायचा आणि बसून राहायचा. कधी त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. ऊन डोक्यावर आले की उठायचा आणि घरी जाऊन सांगायचा, आज मासा लागला नाही. खरे म्हणजे मी पाण्यात पडलेलेच नसे. चंदाबाईने मला नुसता हात लावला असता तरी तिला कळले असते. पण ती धानाच्या बांधीत, शेतात राबून थकून आलेली असे. आणि मला तोंड नाही.

रीताचा हात चित्रांत चांगला होता. ती नागपूरला चित्रकला शिकायला गेली. दुसऱ्या वर्षी परत आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. जेवण नाही, बोलणे नाही, केस विंचरणे नाही. गावाने ठरवले की पोरीला कोणीतरी काहीतरी केले. लिंबू झाले, अंगारा झाला. डोमा रोज तिच्या खाटेजवळ येऊन बसे आणि काही न बोलता उठून जाई. शेवटी तिच्या वर्गातला राजदीप आला. तो चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरचा. त्यालाही पूर्वी असेच झाले होते, म्हणून त्याने ओळखले. त्याने चंदाबाईला समजावले की हा मनाचा आजार आहे, याला डॉक्टर असतो, गोळ्या असतात. औषध सुरू झाले आणि हळूहळू रीता उठून बसू लागली.

पुढे या दोघांनी चंद्रपुरात एक हॉल घेऊन प्रदर्शन भरवायचे ठरवले. जे घरात सांगता येत नाही ते तिथे मांडायचे. राजदीपने झोप न आलेल्या रात्रींच्या चादरी रंगवल्या. रीताने मला मागून घेतले. मी तोपर्यंत जागोजागी फाटले होते. डोमा आता मला सांधतही नव्हता. मोटारसायकलवर मला बांधत असताना शेजारच्या दसरूने विचारले, "चंद्रपुरात कोनते मासे धरता, बाबू? माह्यासाठी बी दोन आनजा." राजदीप हसला. रीताही हसली. तिला हसताना मी फार दिवसांनी पाहिले.

हॉलमध्ये तिने मला छताला टांगले. भोके तशीच ठेवली. आपले मन असे झाले होते, जे येई ते निसटून जाई, असे ती येणाऱ्यांना सांगे. ज्याला वाटेल त्याने माझ्याखाली बसावे, बोलावे किंवा गप्प राहावे. कितीतरी माणसे बसली. एक कॉलेजची मुलगी बोलता बोलता रडली. एक म्हातारे मास्तर नुसतेच बसून गेले. पण रीताचे डोळे दाराकडे असत. ती राजदीपला म्हणाली, "बाबालेबी तेच झालं आहे, जे मले झालं होतं. फक्त ते बोलत नाई. हे मी त्याइच्यासाठीच टांगलं."

शेवटच्या दिवशी डोमा आणि चंदाबाई एसटीने आले. रीताने वडिलांना माझ्याखाली बसवले. "बाबा, मनात काय आहे ते बोला. इथी कोनी हासत नाई."

डोमाने वर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "लय भोकं पडले, बाई. मले सांगतलं काऊन नाई?"

चित्रे टांगायला आणलेला नायलॉनचा दोरा त्याने मागून घेतला, मला खाली ओढले आणि सांधायला बसला. राजदीप अडवायला पुढे आला, पण रीताने त्याला मागे ओढले. लोकांना वाटले, हाही प्रदर्शनाचाच भाग आहे. त्यांनी फोन काढले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. शेवटचे भोक बुजवून त्याने दोरा दाताने तोडला.

"आता तुहं काई निसटनार नाई," तो म्हणाला.

"अन् तुमचं, बाबा?"

"मले का झालं? मले काई नाई."

मी त्याच्या मांडीवर होते. तो मला किती वेळा कोरडे घरी घेऊन आला, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होते. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण जाळे ओरडत नाही.

रीताने हट्ट सोडला नाही. आपल्या डॉक्टरकडे यायला तिने त्याला कबूल करून घेतले. धान कापणी झाली की जाऊ, असे तो म्हणाला. कापणीच्या दिवसांत त्याला ताप भरला. त्याने तो कोणाला सांगितला नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि चंदाबाईला वाटले, हे यांचे नेहमीचेच. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिवताप डोक्यात गेला आहे, फार उशीर केला.

मित्रांनो, मी आता घरात खुंटीवर असते. माझ्यात एकही भोक नाही, आणि मला कोणी तलावावर नेत नाही. तुमच्या घरात कोणी गप्प बसू लागले, तर त्याला विचारा. काही नाही म्हणाले, तरी उठून जाऊ नका. त्याच्या कपाळाला हात लावून पाहा. मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.

डोमा अठरा नोव्हेंबर दोन हजार तेवीस रोजी, शनिवारी पहाटे, गडचिरोलीच्या दवाखान्यात वारला.