आजाऱ्यांची यादी वाचणारा माइक

मित्रांनो, अमेरिकेतल्या मेकन शहरातल्या एका रेडिओ केंद्रातला मी जुना माइक. डोक्यावरची जाळी चेपली आहे, गळ्याला चिकटपट्टी आहे. पण तुम्ही बोलाल ते अजून नीट ऐकतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांदीसारखा चमकत होतो. आमचं केंद्र केस कापण्याच्या दुकानाच्या माडीवर. सुरुवातीला नुसती भक्तिगीतं लागत. पुढे आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीतले ऐकणारे चाळिशीला आले, तशी जुनी प्रेमगीतं आणि त्याच वळणाची नवी गाणी लागू लागली. लोक आम्हाला 'मोठ्या माणसांचं केंद्र' म्हणत. पोरं नाकं मुरडत आणि गुपचूप ऐकत.

माझ्यासमोर एकोणतीस वर्षं निवेदिका मिस व्हर्डेल बसल्या. रोज सकाळी आठला गाणं थांबवून त्या चर्चमधून आलेली आजाऱ्यांची यादी वाचत. यादीत ज्याचं नाव, त्याच्या दारी दुपारपर्यंत झाकलेली ताटं पोचलेली असत.

मग मालक क्रेन्शॉसाहेबांनी संगणक आणला. दूरच्या शहरातला कुणी गोड गळ्याचा माणूस आजाऱ्यांच्या यादीसकट आठवड्याभराचं बोलणं एकदम भरून पाठवू लागला. मिस व्हर्डेलना महिनाअखेरीस नोकरीतून निरोप मिळणार होता; तोवर त्या बाहेरच्या खोलीत बसून फोन घेत. मीही तिथल्याच कपाटात गेलो, झाडूशेजारी. म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं, आणि दाराच्या फटीतून दिसलंही.

एका सोमवारी मिस ओझेला टॉलिव्हर (आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बायकांनाही मानानं 'मिस'च म्हणतात) धाडधाड जिना चढून आल्या. डोक्यावर चर्चला घालायची मोठी टोपी, हातात लोण्याचा केक.

"क्रेन्शॉ, माझ्या नवऱ्याला, ल्यूशसला, शनिवारी पुरलं. आणि आज तुझा रेडिओ म्हणतोय, 'ल्यूशस, लवकर बरे व्हा'!"

"चूक झाली, मिस ओझेला. यादी गेल्या आठवड्यातच भरून ठेवली होती."

"मरण काय तुझ्या आठवड्यासाठी थांबतं? ल्यूशस जन्मभर सगळीकडे उशिरा पोचला, त्याला हसूच आलं असतं म्हणा. पण सकाळपासून दुसऱ्या चर्चच्या तिघी ताटं घेऊन आल्या. तिघींना दारातच सांगावं लागलं, तो गेला म्हणून. तीनदा."

मग त्यांचा आवाज खाली आला. "यादी ओळखीच्या माणसानं वाचावी, पोरा. हा केक व्हर्डेलसाठी. ती रेडिओवर बोलेपर्यंत कुणी सुरी लावायची नाही."

साहेबांनी केक टेबलावर ठेवला. मग त्यांनी स्वतः कपाट उघडलं आणि माझ्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली.

"मिस व्हर्डेल, सकाळ तुमची. बाकी संगणक बघेल."

"आणि केक?" मिस व्हर्डेलनी डोळे पुसत विचारलं.

"आधी यादी!" मिस ओझेला गरजल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचं नाव मीच घरोघर पोचवलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "व्हर्डेल, यादीतून नाव काढ बाई माझं! फ्रिजमध्ये जागा नाही. नुसती तळलेली कोंबडीच पाच घरांची आली आहे."

"राहू दे अजून दोन दिवस. नाव ऐकून बरं वाटतं की नाही?"

पलीकडून हळूच, "एकच दिवस हं."

मित्रांनो, त्या बाहीचे आणि त्या केकाचे उपकार मी विसरणार नाही. जुनी वस्तू कपाटात टाकण्याआधी तिच्यासमोर कोण बसत होतं, तेवढं आठवा. आणि ओळखीचं कुणी आजारी असेल, तर त्याचं नाव आजच घ्या. पुढच्या आठवड्यासाठी भरून ठेवू नका.