डॉक्टरांनी दिलेला नेम

सायरबाईंनी ओसरीवरून डॉक्टर बद्रीनाथांना पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि पदर पुढं ओढून त्या रडायलाच लागल्या. डॉक्टरांनी पायरीवर टोपी काढली. घेवरचंद शेठ गेले असणार, हे त्यांनी जाफराबादच्या वाटेवरच धरून ठेवलं होतं. वर्षापूर्वी छाती धरून कोसळलेला साठीचा माणूस, तो कसला राहतो!

"कधी झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय झालं?" सायरबाईंचं रडं थांबलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "डॉक्टरसाहेब आले का? बघ, मी म्हणलं न्हवतं, येतील!"

डॉक्टरांनी घाईघाईनं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. त्यांचे कान तापले.

खरं तर ते वेगळ्याच कामाला आले होते. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यातले त्यांचे वरिष्ठ हृदयविकाराच्या रोग्यांचा अभ्यास करत होते. झटका आल्यावर कोणाला किती दिवस निजवून ठेवलं, आणि पुढं कोण जगलं, कोण गेलं. बद्रीनाथ जालन्याला होते तेव्हाच्या त्यांच्या रोग्यांची खबर आणायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. सहा आठवडे सक्त अंथरूण, हाच तेव्हाचा इलाज. काल पिंपळगाव रेणुकाईत भुजंगराव हा दुसरा रोगी भेटला. आठवडाभरातच अंथरूण सोडून पळालेला हा गडी वखरामागं खुशाल चालत होता. डॉक्टरांनी त्याला नशीबवान ठरवून हिशेबातून बाजूला काढलं होतं.

आत घेवरचंद खाटेवर उताणे पडले होते. चेहरा हसरा, पण चादरीखाली पाय आहेत असं वाटू नये इतके ते वाळलेले.

"तुम्ही अजून पडूनच?"

"तुम्हीच म्हणल्ते ना, मी येऊन सांगेपर्यंत पाय जमिनीला लावायचा न्हाई."

सायरबाई दाराआडून म्हणाल्या, "तुमच्या जागेवरचे नवे डॉक्टर आल्ते. उठा म्हणले. पण आमच्या घरात रीत आहे, नेम ज्यानं दिला त्यानंच सोडवायचा. मंग आमच्या गड्याला, कचरूला, तुमच्याकडं औरंगाबादला धाडलं. तुम्ही येतो म्हणल्ते."

कचरू! डॉक्टरांना आठवलं. नव्या बंगल्याचा व्हरांडा, बदलीच्या न उघडलेल्या पेट्या, त्यांच्या हातात चहाचा कप आणि समोर कुणीतरी पटकेवाला माणूस. "येतो, सांग त्यांना," असं म्हणून ते आत गेले होते आणि चहा संपायच्या आत विसरले होते. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्याचीच गरज सरली होती.

सायरबाई दूध तापवायला चुलीकडं गेल्या. डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकले.

"शेठजी, मी तुम्हाला उठवायला आलो नव्हतो. रोगी किती जगले, ते बघत हिंडतोय. तुम्हाला दिलेला शब्द तर माझ्या ध्यानातच..."

"ठाऊक आहे." घेवरचंद आढ्याकडं बघत होते. "कचरू म्हणला, साहेबांनी नाव दोनदा विचारलं, तरी वळख पटली न्हाई."

"मग उठला का नाहीत?"

"तुम्ही इसरले, डॉक्टरसाहेब. मी न्हाई ना इसरलो."

डॉक्टरांनी खिशातून रोग्यांची यादी काढली.

"मला जगलेल्यांत धरा," घेवरचंद आवाज खाली आणून म्हणाले. "पण हिला हे काही सांगू नका. तुम्ही येणार या भरवशावर वरीसभर एक टाइम जेवून राह्यली ही."

सायरबाई वाटी घेऊन आल्या. वर्षानंतर त्यांनी कपाळावरचा पदर थोडा मागं सारला होता.

"आधी उठवा त्यांना. मंग त्यांच्या नेमाचं पारणं तुमच्या हातानंच होऊ द्या."

डॉक्टरांनी काखेत हात घालून शेठजींना बसतं केलं आणि पाय खाली सोडले. तळवे जमिनीला लागले, तसे घेवरचंद लहान पोरागत हसले. पण उभं करताच गुडघे ओल्या कपड्यासारखे दुमडले, आणि डॉक्टरांनी त्यांना कसंबसं खाटेवर टेकवलं. सायरबाईंचा हात तोंडाकडं गेला.

"सवय मोडली जरा," घेवरचंद बायकोला म्हणाले. "येतील पाय ताळ्यावर हळूहळू. काय डॉक्टरसाहेब?"

ते पाय आता ताळ्यावर यायचे नाहीत, हे डॉक्टरांना दिसत होतं. "हो," ते म्हणाले. आपला तो हो त्यांनाच ऐकवला नाही.

सायरबाईंनी वाटी डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती घेवरचंदांच्या ओठाला लावली, आणि इतक्या घाईनं कलती केली की दूध हनुवटीवरून बंडीवर ओघळलं.

"सावकाश, डॉक्टरसाहेब," घेवरचंद म्हणाले. "मला आता कुठं जायचंय!"