शंभरपैकी पंच्याण्णव गुणांचा दिवा

मुख्याध्यापिका बाई गॅरेजात शिरल्या त्या शाळेत शिरावं तशाच. चष्मा नाकाच्या टोकावर, काखेत पर्स, आणि मागे रस्त्याच्या कडेला भर उन्हात उभी केलेली त्यांची चंदेरी गाडी. चार दिवसांपूर्वी तिचं चेपलेलं डावं दार इथेच सरळ करून रंगवून दिलं होतं.

"हे दार कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"तुमचंच की, बाई," मॅनेजर हसत म्हणाला.

"मग गाडी कुणाची?"

मॅनेजरचं हसू जागच्या जागी थिजलं. सगळे उन्हात जाऊन उभे राहिले. दार चंदेरी होतं, गाडीही चंदेरी होती, पण दोघांची एकमेकांशी कधी ओळख झाली असेल असं वाटत नव्हतं. गाडीला निळसर झाक आणि दाराला पिवळट.

दार रंगवलं होतं उस्तादांनी. बावीस वर्षं हातात फवाऱ्याची बंदूक धरलेला हा माणूस. गॅरेजातले सगळे त्यांना उस्तादच म्हणत, त्यामुळे त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाशिवाय कुठे उरलंच नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड पडलं. आत तर दोन्ही रंग अगदी एक दिसले होते! मॅनेजरने तपासूनही पाहिलं होतं आणि नेहमीप्रमाणे "एक नंबर!" म्हटलं होतं. प्रत्येक गाडीला तो तेच म्हणे, म्हणून त्याच्या पाठीमागे त्याचंही नाव तेच पडलं होतं.

"दार पुन्हा रंगवून देतो," उस्ताद म्हणाले.

"द्याच," बाई म्हणाल्या. "आणि या वेळी मी स्वतः तपासून घेईन."

मालकांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी समिती नेमली. गॅरेजात उजेड कमी पडतो असं एकदा ठरल्यावर उजेड निवडायला माणसं नकोत का? समितीत स्वतः मालक, मॅनेजर आणि मालकांचा मेहुणा. मेहुणा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा, आणि बहिणीच्या धाकामुळे त्याला कुठल्याही समितीतून वगळायची सोय नव्हती. उस्तादांना कुणी विचारलं नाही. त्यांचं काम रंग देण्याचं. उजेड हा वरच्या लोकांचा विषय.

समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत दिवा मोठा हवा असं ठरलं. दुसरीत तो किती मोठा हवा ते ठरलं. तिसरीत दुकानदाराचं माहितीपत्रक वाचताना मॅनेजरला एक ओळ सापडली: हा दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचे गुण, शंभरपैकी सत्तर.

"सत्तर म्हणजे फर्स्ट क्लास!" मॅनेजर म्हणाला. त्याला स्वतःला आयुष्यात सत्तर कधी पडले नव्हते. ठराव एकमताने मंजूर झाला.

खेळाच्या मैदानावर शोभेल असा तो दिवा छताला टांगला गेला, आणि मालकांनी फीत कापून बटण दाबलं. सगळ्यांनी एकदम डोळे मिटले. उघडले तेव्हा गॅरेजात एकही ओरखडा शिल्लक नव्हता! प्रकाश इतका धो धो कोसळत होता, की गाड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि त्यांचे दोष त्या पांढरेपणात बुडाले होते. मॅनेजर गाड्यांमधून फिरत प्रत्येकीवर हात फिरवत होता. "एक नंबर! एक नंबर!"

उस्तादांनी बाईंचं दार त्या दिव्याखाली पुन्हा रंगवलं, आणि कुणाला न सांगता आधी स्वतःच उन्हात नेलं. आता ते हिरवट दिसत होतं.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते गप्पच. बायको शिलाई मशीनवर होती. घरच्या घरी ती कपडे शिवायची, आणि तिच्या हातचा जोड शोधायचा म्हणजे भिंग लागायचं.

"काय झालं?" तिने मान वर न करता विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

"अहो, मी कधी दुकानातल्या ट्यूबखाली दोरा घेतलाय का?" ती म्हणाली. "कापड घेऊन सरळ पायरीवर यायचं. आत जो दोरा अगदी तोच वाटतो ना, तो बाहेर आला की परका होतो."

"रोज गाडी उन्हात कुठे नेऊ? रंग ओला असतो, धूळ बसते. आणि ढग आले की?"

"मग उन्हासारखा दिवा बघा."

"सगळे दुकानदार म्हणतात, आमचा तसाच आहे."

तिने मशीन थांबवलं. "सोबत चुकलेलं काम घेऊन जा. ज्या दिव्याखाली चूक दिसेल, तो दिवा आपला."

उस्ताद तिच्याकडे बघतच राहिले. तीन बैठकांत जे सुचलं नव्हतं ते तिने बाहीला अस्तर लावता लावता सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याचा वहीएवढा तुकडा घेतला. अर्ध्या भागाला बाईंच्या गाडीचा खरा रंग दिला, अर्ध्याला फसलेला. एका कोपऱ्यात खड्डा भरायची लांबी मुद्दाम ओबडधोबड घासली, आणि वरून मळक्या फडक्याने गोल गोल पुसून बारीक ओरखडे उमटवले. इतकं वाईट काम त्यांनी बावीस वर्षांत केलं नव्हतं, आणि करताना त्यांना चोरट्यासारखं वाटत होतं.

दिव्यांच्या दुकानात त्यांनी तो तुकडा काउंटरवर ठेवला. दुकानदाराने एकामागून एक दिवे लावून दाखवले. पहिल्या सातांखाली दोन्ही रंग सख्ख्या भावांसारखे दिसले. आठव्याखाली थोडी कुरबूर जाणवली. दुकानदार वैतागला.

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय? वस्तू चांगली दिसावी म्हणून लोक दिवा घेतात."

"मला वाईट दिसायला हवी."

दुकानदाराने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मग आतल्या कपाटातून एलईडीची एक गुंडाळलेली पट्टी काढली. "कापडवाले आणि चित्रांची दुकानं नेतात. शंभरपैकी पंच्याण्णव." पट्टी लागली आणि तुकड्याच्या मधोमध रेघ मारल्यासारखे दोन रंग वेगळे झाले. उस्तादांना इतका आनंद झाला, की दुकानदाराने खुर्ची पुढे सरकवली.

पण ओरखडे अजून दिसत नव्हते. उस्तादांनी पट्टी लांब धरली, जवळ आणली, तिरकी केली. शेवटी त्यांच्या लक्षात आलं, की लांब, दुधी उजेडाचं प्रतिबिंब पत्र्यावर रेघेसारखं पडतं आणि जिथे लांबी उंचसखल आहे तिथे ती रेघ वाकडी होते. ओरखड्यांना मात्र एकाच ठिकाणाहून येणारा टोकदार उजेड लागतो. म्हणजे एका दिव्यात दोन दिवे हवेत.

बांधायला तीन दिवस लागले. पट्टी तापून रंग बदलू नये म्हणून ती ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत चिकटवली, वर दुधी झाकण बसवलं, आणि टोकाला चिमूटभर आकाराचा, तितक्याच गुणांचा उघडा दिवा. काळ्या गाडीला उजेड जास्त लागतो आणि पांढरीला कमी, म्हणून फिरवायचं बटण. सगळं मॅनेजरच्या मोडलेल्या खुर्चीच्या चाकांवर उभं केलं.

"आता फक्त चांगला ड्रायव्हर हवा," उस्ताद म्हणाले. "स्वस्तातला घेतला तर दिवा डोळ्यांना दिसणार नाही असा लुकलुकतो. मोबाईलचा कॅमेरा धरला की पट्टे दिसतात."

"आपल्याकडे दोन ड्रायव्हर आहेत," मॅनेजर म्हणाला. "दोघांचीही नजर उत्तम आहे."

दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीलाही ड्रायव्हरच म्हणतात, हे त्याला पटवण्यात अर्धी दुपार गेली.

दिवा लागला. उस्तादांनी तो सगळ्यांत आधी स्वतःच्या कामावरून फिरवला आणि त्यांना खाली बसावंसं वाटलं. आदल्या दिवशी ज्या बॉनेटची त्यांनी मनातल्या मनात पाठ थोपटली होती, तिच्यावर पॉलिशच्या मशीनने काढलेली वेटोळी दिसत होती. एका दाराखाली रंगाचा ओघळ होता. मॅनेजरने ते पाहून दिवा विझवायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात मालक आले. त्यांची काळी गाडी आत उभी होती. तिला कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. मेहुण्याने ती त्यांना मिळवून दिली होती. अगदी कोरी, एकदाही न रंगवलेली, एका म्हाताऱ्या डॉक्टरची.

"माझ्या गाडीवर उजेड मारा," मालक म्हणाले. "निर्दोष म्हणजे काय असतं ते सगळ्यांना दिसू दे."

उस्ताद क्षणभर घुटमळले. मग त्यांनी दिवा सरकवला. उजेडाची रेघ मागच्या दारावरून सरळ गेली, पुढच्या दारावर आली आणि सापासारखी वळवळली. उजवी बाजू पूर्ण वेगळी काळी होती. तिच्यात तपकिरी झाक होती. बॉनेटच्या कडेला तर कागद चिकटवून रंगवल्याची रेघ स्पष्ट दिसत होती.

मालकांनी ती रेघ बोटाने पुसून पाहिली.

"दिव्यात दोष आहे," मालक शेवटी म्हणाले.

"एक नंबर दोष," मॅनेजर म्हणाला.

मेहुण्याला फोन लागला. त्याने आधी कानांवर हात ठेवले, मग डॉक्टरवर ढकललं, आणि शेवटी ताई फोनवर आहे का असं विचारलं. डॉक्टर म्हातारा होता एवढीच गोष्ट खरी निघाली.

तीन दिवस दिवा ताडपत्रीखाली होता. चौथ्या दिवशी मालकांच्या डोक्यात नवीन कल्पना आली. गाडी गॅरेजात येताना या दिव्याखाली घ्यायची. गिऱ्हाइकाला सगळे ओरखडे दाखवायचे. लोक आपण होऊन आणखी काम सांगतील. गाडी परत देताना मात्र मोठ्या दिव्याखाली द्यायची, म्हणजे सगळं शुभ्र.

"आणि तपासणी?" उस्तादांनी विचारलं.

"तपासणी येताना झालीच की," मालक म्हणाले.

उस्ताद आपल्या कामाकडे वळले. बाईंचं दार त्यांनी मधल्या तीन दिवसांतच ताडपत्री बाजूला करून, आपल्या दिव्याखाली तिसऱ्यांदा रंगवलं होतं.

बाई गाडी न्यायला आल्या त्या दिवशी मोठा दिवा चालू होता. मॅनेजर दारापाशी तयारच होता. बाईंनी चष्मा पुसला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या, उस्तादांच्या दिव्याच्या चाकांवरच्या खांबाकडे पाहिलं. त्याखाली एका तरुणाला त्याच्या गाडीवरचे ओरखडे दाखवणं चालू होतं.

"माझी गाडी त्याखाली घ्या."

"बाई, तो आत येणाऱ्या गाड्यांसाठी आहे."

"म्हणजे परीक्षेला एक पेपर आणि निकालाला दुसरा?"

मॅनेजरने उस्तादांकडे पाहिलं. मालकांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून हालचाल ऐकू येत नव्हती. उस्तादांनी खांब ओढत आणला आणि वरचा मोठा दिवा बंद केला. गॅरेज एकदम अंधारलं, आणि दारावर उजेडाची सरळ रेघ उमटली.

रंग जुळला होता. बाई वाकून वाकून बघत होत्या. त्यांना काही सापडलं नाही. उस्तादांना सापडलं.

"इथे," ते म्हणाले, आणि कडीखाली नखाएवढ्या जागेवर बोट ठेवलं. "धूळ अडकलीय. माझ्याच हातून."

मॅनेजरने डोळे मिटले.

"मला दिसलं नसतं," बाई म्हणाल्या.

"मला दिसलं, बाई. उद्या दुपारी न्या."

बाईंनी पर्स काखेत घेतली. मग त्या रिक्षाने गेल्या. ओरखडेवाला तरुण तिथेच उभा होता, त्याने विचारलं, "माझीही जाताना याच दिव्याखाली दाखवाल ना?" मॅनेजरला हो म्हणावं लागलं. पुढच्या आठवड्यात प्रत्येकजण तेच विचारू लागला. मालकांनी मोठा दिवा मेहुण्याला भेट दिला, आणि त्याच्या गाड्या सध्या फार छान दिसतात असं ऐकिवात आहे.

उस्तादांचं काम दुप्पट झालं. पूर्वी संध्याकाळपर्यंत दोन गाड्या उरकायच्या, आता एकच होते, आणि तीही निम्मी पुन्हा घासावी लागते. एके संध्याकाळी ते घरी आले, हात धुऊन बसले.

"आज किती चुका?" बायकोने विचारलं.

"सहा. सगळ्या माझ्याच."

"बरं," ती म्हणाली. "जेवायला बसा."