कपाटाच्या दारावरचे दिवस

फिटरच्या घरात कपाटाचं दार उघडलं की आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली यादी दिसायची. न घेतलेल्या वस्तूंची यादी. सोफा, एकशे चाळीस दिवस. दुसरा पंखा, बावीस दिवस. कोट, पस्तीस दिवस. लेकीची सायकल, अठ्ठावीस दिवस.

यादी त्याच्या बायकोची. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. लहानपणी तिनं भाड्याच्या सात खोल्या बदललेल्या. त्यामुळे दोन खोल्यांचं हे घर वीस वर्षांच्या कर्जावर घेतलं तेव्हा कर्जाची सही करून बाहेर आल्याबरोबर ती म्हणाली होती की वीस वर्षं काही आपण थांबायचं नाही. एखादी वस्तू घ्यावीशी वाटली की ती दुकानात जाऊन किंमत विचारून यायची, आणि तेवढे पैसे बँकेत हप्त्याच्या वर भरायची. मग दारावर लिहायची, त्या पैशानं कर्जाचे शेवटचे किती दिवस गळाले ते. पैशांचा आकडा तिनं कधी लिहिला नाही. पैसे दिले की गेल्यासारखे वाटतात, दिवस मिळाल्यासारखे वाटतात, असं तिचं म्हणणं.

धुलाईघरात बाद झालेल्या चादरींचे पडदे झाले. फिटर चाळीस मिनिटं चालत कारखान्यात जायचा, आणि त्याचे केस ती कापायची. खालच्या मजल्यावरचा शिंपी, त्यांचा जुना दोस्त, जिन्यात भेटला की ऐकवायचा, दात कोरून पोट भरत नाही रे बाबा. लेक शाळेत असताना मैत्रिणींना घरी आणायची नाही. चामडी जाईल पण दमडी जाणार नाही, असे आपले आईबाप, हे ती भांडणात एकदा बोलूनही गेली होती.

अशी साडेनऊ वर्षं निघाली. मग बायको चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. यादीच्या खाली, चौकटीत, तिनं कर्ज संपायची एक तारीख लिहून ठेवली होती. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरची सतरा. त्या दिवशी ना कुणाचा वाढदिवस ना काही. हिशेबातून निघालेली तारीख, एवढंच.

फिटरनं ती तारीख धरली. दोघांच्या पगारावर चालणारं घर एकाच्या पगारावर आलं होतं. हप्ता जाऊन हातात फार उरत नव्हतं. तरी त्यानं चहा एक वेळचा केला, चपलेला तिसऱ्यांदा तळ लावला, आणि वीस महिने दारावर आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहीत राहिला. दोन दिवस. पाच दिवस. तीन दिवस. सगळे मिळून अठ्ठेचाळीस झाले तेव्हा तिच्या तारखेशी बरोबर जुळलं. तारखेला दहा दिवस असताना तो शेवटची रक्कम विचारायला बँकेत गेला.

कर्जाच्या टेबलावरच्या बाईंनी आकडा काढून दिला. तो पाहून त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाचं खातं उघडलंय. सतरा तारखेनंतर अडतीस दिवसांचे पैसे बाकी दाखवत होते. त्यानं खिशातला कागद काढला, आपला हिशेब दाखवला. एका दिवसाच्या हप्त्याएवढे पैसे वर भरले की शेवटचे पाच दिवस जातात. बायकोनं पहिल्याच वर्षी शिकवलेलं.

बाईंनी कागद नीट वाचला.

“काका, ते पहिल्या वर्षाचं. तेव्हा हप्त्यातलं बहुतेक व्याजात जायचं, म्हणून वर भरलेला पैसा पाच दिवस खायचा. आता व्याज उरलंय कुठे? आता एका दिवसाचे भरले की एकच दिवस जातो.”

“आमच्या घरात तर पाचच चालत होते.”

“काकू दर वर्षी यायच्या की इथे. नवं माप विचारून जायच्या.”

हे फिटरला माहीत नव्हतं. कारखान्यात केसाच्या जाडीची चूक न करणारा माणूस वीस महिने जुन्या मापानं मोजत बसला होता. अठ्ठेचाळीस लिहिले, खरे दहाच होते. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी बायकोचा अभिमानही वाटला. त्यानं बाईंचा आकडा कागदाच्या मागे उतरवून घेतला.

घरी येऊन त्यानं सगळं घर नजरेनं चाळलं. आता न घ्यायला तरी काय उरलं होतं? उरला होता फक्त पत्र्याचा डबा. त्यावर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘दात’.

पाच वर्षांपूर्वी बोल्टवरून पाना निसटून फिटरचे समोरचे दोन दात गेले होते. तेव्हापासून तो तोंडावर हात धरून हसायचा. बायकोनं थोडे थोडे करून दातांचे पैसे वेगळे जमवले आणि घरातला एकमेव नियम केला, या डब्याला कर्जासाठी हात लावायचा नाही. घर आपलं झाल्यावर तुम्ही तोंड झाकून हसणार असाल तर मला नको ते घर, असं ती म्हणायची. डब्यात अडतीस दिवसांचे पैसे होते. वर थोडे उरत होते.

रविवारी लेक आली. ती लग्न करून चार रस्ते पलीकडे राहायची. तिला कळल्यावर ती चिडलीच. तारीख चुकली तर बँक काही घर ओढून नेणार नाही, दीड महिना पुढे गेलं तर आभाळ कोसळतं का, असं बरंच बोलली. मग पैसे मी देते म्हणाली. फिटरनं मान हलवली. उसने पैसे घेऊन कर्ज फेडायचं म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा खड्डा खणायचा.

“बरं, घराचे भरा. दात हप्त्यानं बसवा. डॉक्टर देतात तशी सवलत.”

“हप्त्याचं घर पुरे झालं. आता हप्त्याच्या दातांनी जेवू?”

“आईनं डब्याला हात लावू नका म्हटलं होतं, बाबा.”

“तारीखही तिनंच लिहिलीय. दोन्ही तिचंच. हप्ता सुटला की दात पुढच्या महिन्यात बसतील. सतरा तारीख पुढच्या महिन्यात आली तरी ती ही नसेल.”

लेक उठून घरी निघाली. पटलं म्हणून की थकली म्हणून, ते त्याला कळलं नाही.

सतरा तारखेला त्यानं कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. अकरा वर्षांतली ती त्याची तिसरी रजा. बँकेत पैसे भरले. बाईंनी आतून घराचे मूळ कागद आणले, दोन्ही हातांत मावतील एवढा गठ्ठा, वर कर्ज संपल्याचं पत्र. नेहमीची माणसं वीस वर्षांचं कर्ज पंचवीसवर नेतात, तुम्ही अकरावर आणलंत, असं म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या. फिटरला हसू आलं. हात कागदांत गुंतलेले होते, त्यामुळे तोंड झाकायचं राहून गेलं. आजूबाजूच्या टेबलांवरच्यांनी त्याच्या दातांची खिडकी पाहिली. त्याला काही वाटलं नाही.

जिन्यात शिंपी भेटला. त्याला बातमी आधीच लागली होती.

“काय, भरलं शेवटी पोट दात कोरून?”

“कोरायला शिल्लकच ठेवले नाहीत,” फिटर म्हणाला, आणि तोंड उघडून दाखवलं. शिंप्यानं त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि हातातली टेप गळ्यात टाकून बराच वेळ तिथेच उभा राहिला. तो अजून भाड्यानं राहत होता.

संध्याकाळी लेक आली तेव्हा फिटर कपाटापुढे बसला होता. त्यानं आपले अठ्ठेचाळीस खोडून खाली दहा लिहिले होते, आणि त्याखाली ‘दात, अडतीस दिवस’. लेकीनं चपला काढल्या, त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि वरपासून बेरीज करू लागली. दारावरची यादी तिनं शेवटपर्यंत कधी वाचलीच नव्हती. मध्ये एकदा थांबली, एका ओळीवर बोट ठेवून. पुन्हा पुढे गेली. बेरीज तीन हजार दोनशेच्या वर गेली. नऊ वर्षांना थोडी कमी.

“सायकल माझी होती,” ती म्हणाली.

“हो.”

“मी महिनाभर बोलले नव्हते तुमच्याशी.”

“बावीस दिवस. आई मोजत होती.”

“म्हणजे या घरात अठ्ठावीस दिवस माझे आहेत.”

“आहेत की,” फिटर म्हणाला. “लिहिलेलेच आहेत.”

निघताना तिनं दाराला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल मागितली. बोटाच्या पेराएवढी उरली होती. तिला आणि जावयाला एक घर पसंत पडलं होतं, ते तिनं आत्ता पहिल्यांदाच सांगितलं. ही आईची आहे, तू नवी घे, असं फिटर म्हणाला.

“नवी घेतली तर पहिल्याच दिवशी माझ्या यादीतली एक ओळ कमी होईल, बाबा.”

फिटर हसला. हात अर्ध्यापर्यंत वर गेला, मग खाली आला, आणि त्याच हातानं तो दोऱ्याची गाठ सोडवू लागला.