दारातली केळ

आमच्या निंबाच्या हातात कला होती, पण तोंडाला लगाम नव्हता. मी त्याची थोरली बहीण, मला बोलायचा हक्क आहे. धुळ्याच्या शाळेत तो ड्रॉइंग मास्तर. पानाची शीर न् शीर अशी काढायचा की बघणाऱ्यानं हात लावून पाहावं. त्याच्या पोरीचं, कोकिळाचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, दारावर ते नेहमीचे मोर नि कळस नकोत, खरं झाड काढतो.

जावई रावेरकडचे, केळीच्या बागावाले. म्हणून केळ. आमच्याकडे बाजरी नि कपाशी. केळ आम्ही पाहिली ती तोडून मांडवाला बांधलेलीच. शाळेत शेतीखात्याचा एक जुना तक्ता होता, कुणी चित्रकारानं पान न् पान रंगवलेला. खालची अक्षरं वाळवीनं खाल्लेली. त्यावरचं झाड निंबाला भारी आवडलं. आखूड, उभी पानं, सगळी शेंड्याला एकवटलेली, गुच्छ बांधल्यासारखी. दाराच्या दोन्ही अंगांना त्यानं तेच काढलं आणि चौकटीभोवती त्याच पानांची नक्षी फिरवली. सगळी गल्ली बघून गेली. मीही मिरवत होते, खोटं कशाला बोलू.

वऱ्हाड आलं आणि दाराशीच थबकलं. नवऱ्या मुलाचे वडील गिरधर आबा चित्राकडे बघत राहिले. त्यांच्या मागे बायकांत कुजबुज सुरू झाली.

"मास्तर, हे रोगाचं झाड आहे," आबा हळूच म्हणाले. "याला घड धरत नाही. दिसलं की आम्ही उपटून जाळतो."

म्हणजे शाळेतला तो तक्ता केळीच्या रोगाचा होता! लेकीच्या दारात, लग्नाच्या दिवशी, हे! आबा तसे भले माणूस. पुसून टाका नि लागा कामाला, एवढंच म्हणाले. तिथंच मिटत होतं. पण निंबा घाबरला होता, पोरीचं लग्न मोडतंय की काय म्हणून. हात जोडून सगळ्यांदेखत बोलला,

"चुकनू आबा. शुभकार्यात वांझ दारात नको, इतकं मला कळायला पाहिजे होतं."

आबांच्या शेजारी त्यांची थोरली सून उभी होती, पुष्पाबाई. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सोयरीक जुळवताना हे आम्हाला सांगितलेलं होतं, निंबालाही. ती पदर सावरून उंबऱ्यापासून मागे सरकली. खिडकीआड नवरी बसली होती, तिनं सगळं ऐकलं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

निंबानं चुना फासला. लग्न लागलं, पंगती उठल्या. पुष्पाबाई कुठल्याच विधीला पुढे आली नाही. नवरीला मॅटाडोरमध्ये बसवायला नेलं तेव्हा पुष्पाबाई आधीच आत बसलेली होती. कोकिळाला पाहून झटकन उठली.

"हिला माझ्याजवळ नका बसवू गं बायांनो," ती म्हणाली. "आजचा दिवस तरी नको."

कोकिळानं तिचा हात धरला, तिला खाली बसवलं आणि तिला चिकटून बसली. निंबा खिडकीशी येऊन उभा राहिला. पोरीला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिनं शेवटपर्यंत त्याच्याकडे मान वळवली नाही. गाडी गेली.